बेसमेंटमधली डिफेन्स कमिटी

मार्च महिन्यात अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावात बेसबॉल खेळता येत नाही. तळं गोठलेलं असतं, ड्राइव्हवेच्या कडेला काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग असतात आणि शहाणा माणूस फक्त कचऱ्याचा डबा ठेवायला घराबाहेर जातो. आमची टीम त्या वेळी खाली फ्लोरिडात, छान उन्हात सराव करत असायची. आणि तिचं काय काय चुकतंय हे ठरवायला आम्ही चार मराठी माणसं दर शनिवारी दुपारी माझ्या बेसमेंटमध्ये बसायचो.

'आमची टीम' म्हणतो खरा, पण तुमचा तिच्याशी संबंध काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी भांडायलाच उठलो असतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी सगळे बेसबॉलवर बोलायचे आणि मी दोन वर्षं नुसता हसरा चेहरा करून उभा राहिलो. मग म्हटलं, छट्, हे काय जगणं आहे! पेपर वाचायला लागलो, रेडिओ ऐकायला लागलो, आणि तिसऱ्या सीझनला मी त्या लोकांनाच त्यांचा खेळ शिकवत होतो. स्टेडियममध्ये मी एकदाच गेलो होतो. तेव्हाही नऊपैकी सातव्या इनिंगला उठून आलो, कारण नंतर पार्किंगमधून गाडी निघत नाही.

बाकीचे तिघे माझ्यासारखेच. एक नागपूरकर, प्लास्टिकच्या कंपनीत इंजिनिअर, आवाज असा की बेसमेंटमध्ये बोलला तर माळ्यावर ऐकू यावं. एक पुणेकर, कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणारा, कायम वही घेऊन येणारा. आणि चौथा एक पीएचडीचा विद्यार्थी. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझी बायको शनिवारी बटाटेवडे करते एवढं त्याला बरोबर कळत होतं. ज्याच्या हातात वड्यांची थाळी, त्याच्या बाजूने तो मत द्यायचा.

आमचं बोलणं म्हणजे साध्या गप्पा नव्हत्या बरं का. चारही जण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत कधी ना कधी होतो, त्यामुळे आम्हाला सभेशिवाय बोलताच यायचं नाही. घर माझं म्हणून अध्यक्ष मी. पुणेकर मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचा. मग ठराव, अनुमोदन, हात वर करून मतदान. चौकार-षटकारांच्या देशातून आलेली चार माणसं, अमेरिकेतल्या पिंग-पाँगच्या टेबलाभोवती बसून, फ्लोरिडातल्या सराव सामन्यातल्या चुकीबद्दल निषेधाचा ठराव करतायत! आज हसू येतं. तेव्हा आम्ही एकमेकांवर खरोखर चिडायचो.

त्या वर्षीचा वाद सेकंड बेसचा, म्हणजे मैदानात जमिनीवरून येणारे बॉल अडवायच्या एका जागेचा होता. टीम सरावाला चाळीसेक खेळाडू बोलावते आणि सीझन सुरू व्हायच्या आधी चोवीस-पंचवीस ठेवून बाकीच्यांना खालच्या टीममध्ये नाहीतर घरी पाठवते. या यादीला म्हणायचं रोस्टर. सेकंड बेस सांभाळायला दोघं होते आणि जागा एक. एक छत्तिशीचा जुना गडी, बॅटीला बॉल लागेल तर शपथ, पण जमिनीवरून येणारा बॉल त्याच्या हातून सुटायचा नाही. दुसरा तेवीस वर्षांचा पोरगा, मारायचा जबरदस्त, पण बॉल त्याच्या दोन पायांमधून आरामात मागे जायचा.

"डिफेन्स पाह्यजे बे, डिफेन्स!" नागपूरकर टेबलावर हात आपटायचा. "बॉल अडवता येत नाही त्याला काहून ठेवून राहिले? शोभेला?"

"तुमच्या त्या म्हाताऱ्याची सरासरी मी वाचून दाखवू का?" पुणेकर वही उघडायचा. "दाखवतो. पण मग वडा घशाखाली उतरणार नाही तुमच्या."

"सरासरी घाल चुलीत!"

"काका, दोघांनाही ठेवता येणार नाही का?" विद्यार्थी विचारायचा. त्याला कुणी उत्तरही द्यायचं नाही.

या सगळ्यात वरून एक आवाज यायचा. धप्. धप्. धप्. माझी अकरा वर्षांची लेक गॅरेजच्या दारावर टेनिसचा बॉल मारायची आणि परत आलेला हातमोज्यात पकडायची. तिला गावातल्या मुलांच्या लीगमध्ये खेळायचं होतं, आणि खेळायचं म्हणजे सेकंड बेसवरच. बर्फ बाजूला सारून तिने दारासमोर चार पावलांची जागा केली होती आणि शाळेतून आली की अंधार पडेपर्यंत ती तिथे असायची. दार बरोबर आमच्या डोक्यावर होतं.

"अबे, तो आवाज बंद करायला सांग ना कोणी पोरीला!" नागपूरकर ओरडायचा. "इथे डिफेन्सवर चर्चा चालू आहे!"

आणि मी, अध्यक्ष, जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिला थांबायला सांगायचो. दर शनिवारी. एकदाही मान वर करून ती काय करते आहे ते मी बघितलं नाही.

मार्चच्या मध्यावर पुणेकराने एक शोध लावला. टीमची यादी ठरवणारा मॅनेजर आणि तो छत्तिशीचा गडी, दोघं दक्षिणेतल्या एकाच राज्यातले. झालं! चौघांच्याही डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. गाववाले! म्हणजे गटबाजी! म्हणजे वशिला! पुरावा शून्य, पण आम्हाला पुराव्याची गरज काय? मंडळाच्या तीन निवडणुका आम्ही पाहिल्या होत्या. माणूस माणसाला यादीत का घालतो हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेव्हा मी उभा राहिलो आणि माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली. माझे वडील साताऱ्यात शाळेत गणित शिकवायचे आणि सातवीत मी त्यांच्याच वर्गात होतो. वार्षिक परीक्षेत माझा पेपर सगळा बरोबर होता. वडिलांनी अक्षराचं निमित्त काढून सहा मार्क कापले आणि माझा पहिला नंबर डॉक्टरांच्या मुलाला गेला. मास्तरांनी पोटच्या पोराला पहिलं आणलं असं कुणी म्हणायला नको. गावात महिनाभर एकच चर्चा: वा मास्तर, याला म्हणतात तत्त्व!

"असा मॅनेजर पाहिजे," मी म्हणालो. नागपूरकराचे डोळे पाणावले. पुणेकराने इतिवृत्तात 'अध्यक्षांनी हृद्य आठवण सांगितली' असं लिहून घेतलं. माझी लेक तेवढ्यात फ्रीजमधलं दूध घ्यायला खाली आली होती. तिने ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल. ती दूध घेऊन वर गेली.

आता ऑफिसातल्या माझ्या कीर्तीचा परिणाम ऐका. माझ्या बॉसचा मुलगाही त्याच गावच्या लीगमध्ये खेळायचा आणि बॉस तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक होता. कॉफी मशीनपाशी मी सेकंड बेसवर उभं कसं राहावं यावर व्याख्यान देत होतो ते त्याने ऐकलं आणि म्हणाला, निवड चाचणीला मार्क द्यायला आम्हाला पाचवा माणूस हवाय, येशील? मला तर आभाळ ठेंगणं झालं. येशील म्हणजे काय!

"तुम्ही?" बायको म्हणाली. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची आणि तिला खोटं कौतुक जमायचं नाही. "आयुष्यात कधी बॉल पकडलाय का तुम्ही?"

"शाळेच्या टीमचा मी स्कोअरर होतो."

"तेच म्हणतेय मी." ती वडे तळायला वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "पोरगी जीव टाकतेय हो त्या टीमसाठी. नीट बघा तिच्याकडे."

मी म्हटलं, बघणार तर. सगळ्यांकडे सारखं बघणार.

चाचणी शनिवारी सकाळी शाळेच्या जिममध्ये झाली, कारण मैदानात चिखल. मुलांच्या पाठीवर नंबर लावलेले. आम्ही पाच जण ओळीने खुर्च्यांवर, मांडीवर पॅड. मारणं, फेकणं, अडवणं, प्रत्येक गोष्टीला पाचपैकी मार्क. पाचही जणांच्या मार्कांची बेरीज करायची, वरची मुलं मोठ्या टीम्समध्ये आणि उरलेली खालच्या गटात, आठ-नऊ वर्षांच्या पोरांबरोबर. लेकीला हे सगळं पाठ होतं. सकाळी गाडीत तिने मला तीनदा विचारलं, "बाबा, इलेव्हन वर्षांच्या मुलाला खाली टाकतात का कधी?" मी म्हटलं, चांगलं खेळलं की कशाला टाकतील?

बॉसच्या मुलाचा नंबर आला. दहापैकी चार बॉल त्याच्या पायांमधून गेले. बॉसने शांतपणे पाच लिहिले. लपवलंसुद्धा नाही! माझ्या बाजूच्याने स्वतःच्या मुलाला पाच दिले, पलीकडच्याने स्वतःच्या पुतण्याला. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, ही काय पद्धत? ह्यांना लाजलज्जा काही आहे की नाही?

मग माझी लेक आली. सव्वीस नंबर. वेणी टोपीतून मागे काढलेली, ओठ घट्ट मिटलेले. दहा बॉल आले, दहाही तिने अडवले. एक तर डावीकडे इतका लांब होता की मी खुर्चीवरून अर्धा उठलो. तिने झेप घेतली, बॉल मोज्यात, उठून फेकला पण. जिममध्ये एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे.

आणि माझ्या अंगात साताऱ्याचे मास्तर शिरले. चार माणसं बघतायत, म्हटलं. आपल्या पोरीला पाच दिले तर आपल्यात आणि यांच्यात फरक काय राहिला? मी लिहिलं: दोन. अडवण्याला दोन, फेकण्याला दोन, मारण्याला दोन. बॉसने माझ्या पॅडकडे नजर टाकली आणि भुवया वर केल्या. मला वाटलं, बघ बाबा, शिक काहीतरी. छाती फुगवून बसलो होतो मी, सांगून ठेवतो.

दुपारी कमिटीत हे सांगितलं तर नुसता जल्लोष. "याला म्हणतात माणूस!" नागपूरकराने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याने अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, पुणेकराने अनुमोदन दिलं, विद्यार्थ्याने तोंडात वडा असल्यामुळे दोन्ही हात वर केले. ठराव एकमताने मंजूर. मग आम्ही पुन्हा सेकंड बेसकडे वळलो. वरती धप् धप् चालूच होतं, ती अजून खुशीत होती, आणि मी जाऊन तिला थांबायला सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी याद्या लागल्या. मी तिला घेऊन गावच्या हॉलवर गेलो. तिने वरच्या सगळ्या टीम्सच्या याद्या बोटाने वाचल्या. मग परत वाचल्या. मग खालच्या गटाची यादी वाचली आणि तिथे बोट थांबलं. बॉस तिथेच होता. मला बाजूला घेतो असं दाखवत, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळ उभा राहून, तो दिलगिरीने म्हणाला की पोरगी जोरदार आहे, दोनच मार्कांनी राहिली. "आम्ही तिला वर घेणारच होतो. इथे मार्क देणाऱ्याचं मूल कधी खाली जात नाही. पण तुझे आकडे बघितले आणि आम्हाला वाटलं, ती खेळावी अशी तुझी इच्छा नाही. तुमच्याकडे मुलींचं वेगळं असेल. वी वॉन्टेड टू रिस्पेक्ट दॅट."

एवढं इंग्रजी शिकलो, एवढा बेसबॉल शिकलो, आणि त्या क्षणी एक वाक्य सुचेना. माझं तत्त्व त्या माणसांपर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्यांना दिसला तो पोरीला घरात बसवणारा बाप.

गाडीत ती मागच्या सीटवर जाऊन बसली. घरी आल्यावर बायकोने माझ्याकडे बघून विचारलं, "किती दिलेत तुम्ही?" मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि लेकीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या आठवड्यात मला जेवायला वेळेवर मिळालं, बाकी काही मिळालं नाही.

पुढच्या शनिवारी कमिटी जमली. वडे नव्हते. विद्यार्थी कासावीस. त्या दिवशीच्या पेपरात पक्कं रोस्टर आलं होतं आणि टीमने छत्तिशीच्या गड्याला ठेवलं होतं. नागपूरकर पेपर नाचवत होता, पुणेकर निषेधाचा मसुदा लिहीत होता. मध्येच नागपूरकर थांबला आणि म्हणाला, "आज बरं शांत आहे बे घर. चर्चा कशी छान होऊन राहिली."

मी उठून वर गेलो.

ती गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसली होती. मोजा मांडीवर, बॉल मोज्यात. मी शेजारी मिठाच्या पोत्यावर टेकलो. बर्फावर टाकायचं मीठ, बसलं की कुरकुरतं.

"आय गॉट ऑल टेन," ती म्हणाली.

"हो."

"मग हाऊ मच मिळायला पाहिजे होते?"

"पाच."

"मग तू खोटं लिहिलंस."

मी समजवायला सुरुवात केली. लोक काय म्हणतात, आपल्याच माणसाला झुकतं माप देणं कसं वाईट, आजोबांनी सहा मार्क कापले होते आणि गाव कसं वा म्हणालं होतं. तिने मध्येच विचारलं, "देन व्हॉट हॅपन्ड?"

"म्हणजे?"

"आजोबांनी मार्क कापल्यावर. लोक वा म्हणाले. मग तू काय केलंस?"

पंचवीस-तीस वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो आणि ती नेहमी 'वा मास्तर'पाशी संपायची. तिच्यापुढे काय झालं हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं. निकालाच्या दिवशी मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीच्या आड बसलो आणि शर्टाची बाही तोंडात कोंबून रडलो. घरी आल्यावर वडील म्हणाले, अक्षर सुधार. मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही आणि त्यांना ते कळलंही नाही. मॅट्रिकला पहिला आलो तेव्हासुद्धा मला ते सहा मार्कच आठवत होते.

ती ऐकत होती. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं."

आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत. एवढं लागेल असं कुणी बोललं नाही. माझं चुकलं, मी म्हणालो. साफ चुकलं बाळा. 'इट्स ओके' म्हणेल असं वाटलं होतं, इथली मुलं लगेच म्हणतात. तिने ते म्हटलं नाही. ती उठली, बाहेर जाऊन तिने दार खाली ओढलं आणि ती बॉल मारायला लागली.

धप्. धप्.

खालून लगेच गर्जना आली. "अबे, तो आवाज!"

मी जिन्याच्या तोंडाशी गेलो. "वर या," मी ओरडलो. "तिघंही. आत्ताच्या आत्ता. अध्यक्षांचा आदेश आहे."

आले बिचारे, पायमोज्यांवरच, कोट न घालता. ड्राइव्हवेवर कुडकुडत उभे राहिले. तिने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. बॉल दारावरून वेडावाकडा यायचा, बर्फाच्या ढिगाला लागून दिशा बदलायचा, आणि दर वेळी ती तिथे असायची. उजवीकडे, डावीकडे, गुडघ्यावर, पाठीवर पडता पडता. पुणेकराने सवयीने वही काढली होती आणि हळूच रेघा मारत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बावीसपैकी बावीस."

नागपूरकराचं तोंड उघडंच होतं. चार वर्षं माणूस डिफेन्स डिफेन्स म्हणून टेबल बडवत होता. डिफेन्स त्याने पहिल्यांदा बघितला असावा.

"हिला खाली टाकलं?" तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "कोणत्या गाढवाने मार्क दिले बे हिला?"

"मी," मी म्हणालो. "आणि अभिनंदनाचा ठराव तू मांडलास."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पायाखालच्या बर्फाकडे. "मले वाटलं, तिला खेळता येतच नसेल," तो पुटपुटला.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

माझी लेक पुढचा बॉल मारायला वळली. पुणेकराने वही मिटून खिशात घातली.